पिक्चर आधी, अँगल नंतर

पिक्चर कसा आहे असं कुणी विचारलं की 'वन टाइम वॉच' म्हणून सुटता येतं, पण लिहायला बसलं की पंचाईत. मग थोडी स्टोरी सांगायची, अभिनय छान, म्युझिक ठीकठाक, सेकंड हाफ रेंगाळतो, तीन स्टार, झाला रिव्ह्यू. हे कुठल्याही पिक्चरला चिकटवता येतं हाच तर प्रॉब्लेम आहे. त्यासाठी एखादा अँगल, म्हणजे पिक्चरकडे बघायची एक नजर लागते, आणि एकाच पिक्चरला असे अनेक अँगल असतात.

हिचकॉकचा १९५४ चा 'रिअर विंडो' घ्या. पाय मोडून व्हीलचेअरवर अडकलेला फोटोग्राफर खिडकीतून समोरच्यांच्या घरात बघत बसतो आणि तिथे खून झालाय असा त्याला संशय येतो. थ्रिलर म्हणून लिहायचं तर संशय कसा चढत जातो तेवढं पकडलं तरी भागतं. पण फॉर्म, म्हणजे पिक्चर कसा रचलाय ते बघणारा म्हणेल, अहो, कॅमेरा जवळपास पूर्ण वेळ त्याच्याच खोलीत आहे, त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि एकदा मात्र तो झोपलेला असताना समोरचा माणूस एका बाईबरोबर बाहेर पडतो, ते फक्त आपण बघतो. म्हणजे हिरोपेक्षा आपल्याला जास्त माहितीये! मला असं लिहिणारे लोक आवडतात, एक शॉट धरतात आणि सोडत नाहीत.

त्याच १९५४ मध्ये त्रुफो या फ्रेंच समीक्षकाने (पुढे दिग्दर्शकही झाला) तो गाजलेला लेख लिहिला, ज्यातून पुढे दिग्दर्शकच सिनेमाचा खरा कर्ता हा ऑतर वाला विचार फोफावला. हा अँगल भारी आहे, पण त्या दिग्दर्शकाचे चार-पाच पिक्चर तरी पाहिलेले हवेत, एकावर लिहिलं तर निव्वळ फेकाफेकी.

आणि मग लॉरा मल्व्ही, स्त्रीवादी नजरेने सिनेमा बघणारी ब्रिटिश अभ्यासक, तिचा १९७५ चा लेख. 'रिअर विंडो'बद्दल तिचं म्हणणं, फोटोग्राफरची प्रेयसी सजूनधजून शेजारी बसलेली असते तोवर या बाबाला तिच्यात फारसा रस नाही, ती समोरच्या घरात शिरली, खिडकीतून 'दिसायला' लागली, की याची नजर बदलते. हे वाचल्यावर तो सीन पहिल्यासारखा बघताच येत नाही, खरंच ट्राय करा.

पण थिअरी आधी ठरवून पिक्चर बघायला बसू नये, मग पिक्चर नुसता साक्षीदार होतो, आपल्याला हवं तेच वदवून घेतो आपण. जिथे काहीतरी खटकलं किंवा अंगावर काटा आला तिथून सुरुवात करावी, अँगल आपोआप सापडतो. दोन सापडले आणि त्यांचं जमत नसेल तर भांडू द्यावं, कॅमेऱ्याच्या करामतीला दाद आणि ती करामत कुणाकडे टक लावायला वापरली त्याचा वैताग, दोन्ही एकाच रिव्ह्यूत आरामात मावतं.