पांढऱ्याच्या कडेला जांभळं

परवा नळाचा फोटो काढला. साधा स्टीलचा नळ, समोरच्या खिडकीतून लख्ख उजेड आलेला, तोंडाशी एक थेंब लटकलेला. पन्नास मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ १.८, म्हणजे पूर्ण उघडं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फारच आवडला होता, पण कॉम्प्युटरवर २०० टक्के झूम केला तर नळाच्या पुढच्या कडेवरच्या चमकेभोवती जांभळी रेघ, शाईच्या पेनाने बारीक ओढावी तशी. आणि नळाचा मागचा भाग, जो फोकसच्या पलीकडे गेला होता, तिथल्या चमकेला हिरवी कड.

पुढे जांभळं आणि मागे हिरवं असं एकाच फोटोत दिसलं की समजायचं, हा लांबीच्या दिशेचा रंगदोष आहे. काचेतून जाताना निळा-जांभळा प्रकाश जास्त वळतो आणि लाल कमी, त्यामुळे सगळे रंग एकाच अंतरावर फोकस होत नाहीत. हिरवा बरोबर सेन्सरवर बसला तरी बाकीचे जरा पुढेमागे राहतात आणि ते पसरट होऊन कडेने बाहेर डोकावतात. न्यूटनला तर वाटलं होतं की भिंगांनी हे सुटणारच नाही, म्हणून १६६८ मध्ये त्याने आरशाची दुर्बीण बनवली. पुढे दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून दोन रंग एका जागी आणता आले, लंडनच्या जॉन डॉलंड या भिंगवाल्याने १७५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण दोन रंग जुळले तरी बाकीचे थोडे सुटतातच, आणि आपल्या फोटोत दिसतं ते हेच सुटलेलं.

मग हे फक्त चमकेवरच का दिसतं? मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खरं तर ही कड फोटोत सगळीकडे असते, फक्त इतकी फिकट की डोळ्याला कळत नाही. आता समजा चमक शेजारच्या अंधाऱ्या भागापेक्षा हजारपट उजळ आहे, आणि तिचा एकच टक्का उजेड बाजूला सांडला. तेवढा टक्कासुद्धा शेजारच्या भागाच्या दहापट होतो! मधला भाग जळून गेलाय, तिथे लाल हिरवा निळा तिघेही वरच्या मर्यादेला टेकलेत म्हणून पांढरा दिसतो, पण कडेला सांडलेल्यात हिरवा कमी आणि लाल-निळा जास्त, म्हणून जांभळं. एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, जितकं वाढवाल तितकी ही कड रुंद होत जाते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, लेन्सला शिव्या घालायच्या आधी हायलाइट, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, जळलेत का ते बघा.

रंगदोषाचा दुसरा प्रकार वेगळा आहे आणि लोक दोन्हीची सरमिसळ करतात. पांढऱ्या आभाळासमोर बिनपानांच्या फांद्या घ्या, वाइड लेन्सने. मधे सगळं स्वच्छ, पण कोपऱ्याकडे गेलं की प्रत्येक फांदीला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळसर-हिरवी कड. इथे प्रत्येक रंगाची प्रतिमाच जराशी लहानमोठी पडलेली असते. ॲपर्चर लहान करून काही फरक पडत नाही, पण सॉफ्टवेअरमध्ये एका टिकमार्कचं काम, ते लाल आणि निळा चॅनल किंचित ताणून-आकसून हिरव्यावर बसवतं. फक्त क्रॉप करून सेव्ह केलेल्या जेपेगवर करू नका, कारण ताणायचं असतं ते मूळ फोटोच्या मध्यापासून आणि क्रॉपमध्ये तो मध्यच हरवतो.

जांभळ्यासाठी मात्र डीफ्रिंजचा स्लायडर लागतो आणि तो जपून वापरायचा. तो कडेवरचा जांभळा शोधतो आणि त्यातला रंग काढून टाकतो, खरा कोणता आणि लेन्सचा कोणता हे त्याला कळत नाही. माझ्या एका फोटोत जांभळ्या फुलांच्या पाकळ्या होत्या, ऊन मागून येत होतं, मी स्लायडर खेचला आणि पाकळ्यांच्या कडा राखाडी पडल्या. मला ते लक्षातही आलं नाही, प्रिंट हातात आल्यावर दिसलं. फार वाईट वाटलं, कारण त्या उन्हात पेटल्यासारख्या झालेल्या कडांसाठीच तर तो फोटो काढला होता. तेव्हापासून मी पूर्ण फोटोवर स्लायडर लावत नाही, मास्कचा ब्रश घेऊन फक्त त्या चमकेच्या कडेवरून फिरवतो, वेळ जातो पण जाऊ दे.

नळाचा फोटो मी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत काढला. ॲपर्चर एफ ४, एक्सपोजर सव्वा-दीड स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. हिरवं पूर्ण गेलं, जांभळं २०० टक्क्यांवर शोधावं लागतं इतकंच उरलं. मागचं धूसरपण थोडं कमी झालं, ते मला चाललं. सावल्या कॉम्प्युटरवर उचलल्या, जरा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आला, तोही चालला. आणि आधी थेंबात जिथे नुसता पांढरा ठिपका होता तिथे आता खिडकी दिसते, मधल्या आडव्या गजासकट.