नाइटिंगेलचा गुलाब उलगडताना: तिसरा आठवडा

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा १८५८ मधला गुलाबासारखा आलेख नव्याने काढायला घेतलाय, हे मागे लिहिलं होतं. क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सैन्याचे मृत्यू, एप्रिल १८५४ ते मार्च १८५६. महिन्याला एक पाकळी. निळा रंग रोगांचा, लाल जखमांचा, काळा बाकी कारणांचा. आकडे 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेच्या हिस्टडेटा पॅकेजमध्ये तयार मिळतात.

पहिला प्रयत्न फुकट गेला. मी मृतांची नुसती संख्या घेऊन बार काढले. पण एप्रिल १८५४ मध्ये सैन्य होतं ८,५७१ आणि जानेवारी १८५५ मध्ये ३२,३९३. सैन्यच चौपट झाल्यावर संख्येची तुलना कसली? म्हणून हजारी दर घेतला, तर नववीतली मुलगी मागून म्हणाली, "बाबा, हजारात एक हजार तेवीस माणसं कशी मेली?"

बरोबर होतं तिचं. तक्त्यातला दर वार्षिक आहे. जानेवारीत रोगांनी २,७६१ जण गेले, म्हणजे हजारी ८५. त्याला बाराने गुणून १,०२३. मी तो गुणाकारच काढून टाकला आणि अक्षावर लिहिलं, 'त्या महिन्यात हजारी मृत्यू'. तिने लगेच हिशोब केला, "म्हणजे बारा जणांतला एक, एका महिन्यात!" त्या क्षणी चार्ट पहिल्यांदा बोलला असं वाटलं.

पाकळ्यांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. दर क्षेत्रफळात मोजलाय, त्यामुळे पाकळीची लांबी वर्गमुळाने वाढते. जानेवारीत रोगाचे मृत्यू जखमांच्या ३३ पट होते, पण निळी पाकळी लाल पाकळीपेक्षा जेमतेम पावणेसहा पट लांब. डोळा लांबीच मोजतो. म्हणजे जखमांपेक्षा रोगांनीच जास्त माणसं मेली, हे जे नाइटिंगेलबाईंना ओरडून सांगायचं होतं, ते त्यांच्याच आकाराने दबलं.

म्हणून पाकळ्या सोडून साध्या रेषा काढल्या. त्यात लाल रेष तळाला चिकटते म्हणून लॉग अक्ष, म्हणजे दर पायरीला दहापट वाढणारा अक्ष, करून पाहिला. पहिले चार महिने जखमांचे मृत्यू शून्य, तिथे रेषच तुटली. शिवाय जानेवारीचा सुळका टेकडीएवढा झाला. एक संध्याकाळ गेली, पण तो पुसला. लाल रेष तळाशी आहे, कारण ती खरंच तळाशी आहे. इंकरमनची लढाई झाली त्या नोव्हेंबर १८५४ मध्येसुद्धा जखमांनी २८७ गेले आणि रोगांनी ८४४. तेवढ्या एका जागी मजकूर लिहिलाय.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जोडाने. मूळ आलेखात दोन गुलाब आहेत, एप्रिल १८५५ पासून दुसरा. इस्पितळांची स्वच्छता सुधारायला ब्रिटिश सरकारने पाठवलेलं सॅनिटरी कमिशन मार्च १८५५ मध्ये पोचलं, त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर' अशी फाळणी डोळ्यांत भरते. मी चोवीस महिने एकाच रेषेत ओवले आणि दिसलं की उतार आधीच लागला होता: जानेवारी २,७६१, फेब्रुवारी २,१२०, मार्च १,२०५. कमिशनचं श्रेय त्याने पुसलं जात नाही. जानेवारी १८५६ मध्ये रोगांनी फक्त ४२ गेले. पण उतार कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याला दिसायलाच हवं. मार्चवर बारीक उभी रेघ मारून 'कमिशन पोचलं' एवढंच लिहिलं.

रंगांची सूची काढून नावं रेषांच्या टोकांशी नेलीत. मोबाइलवर ती एकमेकांवर चढतात, ते राहिलंय. 'बाकी कारणं' उडवावी असंही मनात होतं, पण जानेवारी १८५५ मध्ये ते मृत्यू ३२४ आणि जखमांचे ८३. राहू दे ती रेष, काळ्याऐवजी करड्या रंगात.