फेअर आयल: तारखेपेक्षा वारा बघा

स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड आणि ऑर्कनी या द्वीपसमूहांच्या मधलं फेअर आयल बेट जेमतेम 5 किलोमीटर लांब. पक्षी बघायला कधी यावं, असं भारतातून कुणी विचारलं की आधी ठरवायला सांगावं लागतं: पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) हवेत, की वाट चुकून येणारे दुर्मीळ पाहुणे? एका फेरीत दोन्ही जमत नाहीत.

पफिन एप्रिलमध्ये कड्यांवर येतात आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत समुद्रावर निघून जातात. जून-जुलै उत्तम. गवताळ उतारांवर त्यांची बिळं असतात. पाय पडला की ती ढासळतात, म्हणून मळलेली वाट सोडू नका. याच दिवसांत बॉन्क्सी, म्हणजे मोठा स्कुआ हा दांडगा समुद्रपक्षी, घरट्याजवळ येणाऱ्याच्या डोक्यावर झेपावतो. त्याचा नेम सर्वांत उंच भागावर असतो. काठी डोक्याच्या वर उभी धरा आणि मुकाट्याने मागे फिरा.

दुर्मीळ पाहुण्यांसाठी सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. स्कँडिनेव्हियावर उच्च दाब असला की इकडे पूर्वेचा-आग्नेयेचा वारा सुटतो. रात्री निघालेले पक्षी उत्तर समुद्रावर भरकटतात आणि पावसात सापडले की दिसेल त्या जमिनीवर उतरतात. पश्चिमेचा वारा आठवडाभर टिकला तर मात्र नुसती पायपीट.

झाडं जवळपास नाहीतच, त्यामुळे शोधायच्या जागा ठरलेल्या: ओट आणि टर्निपचे पट्टे, दगडी कुंपणाची आडोशाची बाजू, कड्यांमधल्या अरुंद घळी. पिकात शिरायचं नाही, बांधावरूनच बघायचं. घळीच्या तोंडाशी मात्र ठाण मांडून बसावं, कारण पक्षी आत दडलेला असतो आणि खाण्यासाठी कधीतरी बाहेर येतोच. सायबेरियातला लॅन्सिओलेटेड वॉर्बलर हा चिमुकला वटवट्या तर सहसा उडतच नाही, गवतातून उंदरासारखा पायाशी सरपटत जातो.

ब्लिथचा वटवट्या महाराष्ट्रात हिवाळाभर झुडपांत ‘टक टक’ करतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. इथे त्याच्यासाठी लोक धावत सुटतात!

दुर्बीण 8×42 ची घ्या. इथल्या वाऱ्यात 10 पटीची हातात स्थिर राहत नाही. बूट गुडघ्यापर्यंतचे, रबरी. बेटावर यायला शेटलंडमधल्या ग्रटनेसहून बोट, टिंगवॉलहून छोटं विमान. बोट खवळलेल्या समुद्रामुळे अडते, विमान धुक्यामुळे. पूर्वेच्या वाऱ्यासोबत समुद्रावरून धुकंही येतं, तेव्हा शेटलंडहून पुढच्या तिकिटाआधी किमान 2 दिवस मोकळे ठेवा.