चाळीसाला एक

कॅनडातल्या ऑन्टारिओतला मार्च कुणालाच आवडत नाही. अंगणातला बर्फ काळवंडलेला, त्याखाली चिखल, आणि वसंत नुसता कॅलेंडरवर. अशा दिवसांत रात्री पारा उणे पाचला उतरावा आणि दुपारी शून्याच्या वर चढावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसते. परसातल्या दोन मेपलच्या झाडांचा रस, जो आटवून आम्ही सिरप म्हणजे गोड पाक करतो, अशाच हवेत वाहतो. रात्रीचं गोठणं आणि दिवसाचं वितळणं यांनी खोडात दाब तयार होतो आणि तोटीतून टपटप सुरू होते. थंडी हटेनाशी झाली की रस बंद. ऊब मुक्कामाला आली तरी बंद.

झाडाला इजा फार नाही. करंगळीहून बारीक भोक, दीड-दोन इंच खोल, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. त्यात तोटी, खाली झाकणाची बादली. खोड मात्र निदान दहा-बारा इंच रुंद हवं, कोवळ्या झाडाला हात लावायचा नाही. अनिशिनाबे आणि इथले इतर मूळ रहिवासी गोरे यायच्या आधीपासून हा रस आटवत आलेत, तेही ड्रिलशिवाय.

सासरे कोल्हापूरकडचे, हयात गुऱ्हाळं बघण्यात गेलेली. इथे आले तेव्हा मी मोठ्या कौतुकाने त्यांना वाटीभर रस दिला. “हे तर पाणीच की गं!” खरंच होतं ते. मेपलच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के, उसाच्या रसात तिच्या कितीतरी पट. म्हणून इथे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप हाती येतं. उरलेले एकोणचाळीस लिटर वाफ होऊन जातात, म्हणून चूल बाहेरच मांडायची. स्वयंपाकघरात हा उद्योग केला तर भिंतींना घाम फुटतो.

विटांच्या चुलीवर पसरट ट्रे चढवला आणि मामंजींनी झाऱ्याचा ताबा घेतला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. फेस काढायचा, जाळ सारायचा, मला सूचना द्यायच्या. शेवटचा आटवा आत गॅसवर. मी थर्मामीटर धरून उभी, कारण पाणी उकळतं त्याच्या चार अंश वर गेलं की सिरप झालं. ते आकड्याकडे बघेचनात. डाव तिरका करून काठ निरखत होते. आधी थेंब सुटे पडत होते. मग दोन थेंब काठावर सरकत जवळ आले, एकमेकांत मिसळले आणि पातळ पदर होऊन लोंबले. “बंद कर.” मग जाड लोकरी कापडातून गाळणं आलंच, नाहीतर तळाशी वाळूसारखा गाळ बसतो.

सुरुवातीचं सिरप फिकट सोनेरी, पाहुण्यांपुढे मिरवायला छान. हंगाम सरताना येतं ते काळसर आणि दमदार. माझ्या मते खरी चव त्यातच. कळ्या फुगल्या की मात्र रसाला उग्र वास मारतो, तेव्हा तोट्या उपसायच्या.

हिशेब कुणी विचारू नये. जगातलं बहुतेक मेपल सिरप शेजारच्या क्विबेक प्रांतातून येतं. तिथे त्याचा राखीव साठासुद्धा ठेवतात, आणि २०११-१२ मध्ये त्यातलं सुमारे तीन हजार टन चोरीला गेलं होतं! दुकानातली बाटली आमच्या सरपणापेक्षा स्वस्तच पडते.

“चाळीसाला एक!” मामंजी फोनवर धाकट्या भावाला सांगत होते. “आपल्याकडं कुणी असलं गुऱ्हाळ काढलं असतं तर गाव हसलं असतं.” मग तूप-सिरप लावलेली तिसरी चपाती गुंडाळत माझ्याकडे वळले. “कुंपणापलीकडचं ते झाड मेपलच ना गं? त्या शेजाऱ्याला विचारून बघ की.”