काशीत उतरायचं कुठे? आई-मावशीला घेऊन केलेल्या प्रवासातून

चौकाच्या थोडं अलीकडे रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली. पहाटेचे पावणेपाच. "यहाँ से गली है, पैदल जाना पड़ेगा," म्हणाला आणि आमच्या बॅगा खाली ठेवू लागला. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, मावशी एकोणसत्तरची, सोबत मी आणि माझा भाचा. लॉजच्या माहितीत लिहिलं होतं, 'विश्वनाथ मंदिरापासून ३५० मीटर'. ते खोटं नव्हतं. पण आम्ही उभे होतो तिथून लॉजपर्यंत वीस मिनिटं लागली. दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत अशी गल्ली, फरशीवर पाणी, मध्येच बसलेला नंदी (खराखुरा, जिवंत), आणि घाटाकडे उतरत जाणाऱ्या उंच-सखल पायऱ्या. लॉजला पोचल्यावर कळलं की खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, लिफ्ट नाही. रस्त्यापासून पलंगापर्यंत १०४ पायऱ्या भरल्या. भाच्याने मोजल्या होत्या.

आई एक शब्द बोलली नाही. पण तिने वरच्या पायरीवर बसून गुडघा चोळला तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मी खोली निवडताना चुकीचं अंतर बघितलं होतं. काशीत देवळापासूनचं अंतर फार महत्त्वाचं नाही. शेवटची रिक्षा जिथे थांबते तिथून खोली किती लांब आहे आणि वाटेत किती पायऱ्या आहेत, एवढं बघा. दर्शनाला दिवसातून एकदा जाल, पण खोलीवर तीन-चार वेळा ये-जा होईल.

आणखी एक चूक तारखेची. मुंबईहून महानगरी एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर सुटते, त्यामुळे घरून निघायची रात्र एक आणि तिकिटावरची तारीख पुढची. गाडी काशीला पोचते त्याच्याही दुसऱ्या दिवशी पहाटे. मी पोचण्याच्या तारखेची खोली घेतली होती आणि ती खोली दुपारी बारानंतर मिळणार होती. पहाटे पोचणाऱ्यांनी आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी आणि 'आम्ही पहाटे येणार' हे फोन करून सांगून ठेवावं, नाहीतर रात्री कोणी आलं नाही म्हणून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते. एक भाडं जास्त जातं, जाऊ द्या. सत्तावीस-अठ्ठावीस तासांच्या प्रवासानंतर म्हाताऱ्या माणसांना बाकावर सात तास बसवून ठेवण्यापेक्षा ते बरं. आम्हाला बसवावं लागलं, म्हणून सांगते.

पहिल्या दोन रात्री आम्ही त्या घाटाजवळच्या लॉजमध्ये होतो, पुढच्या तीन अस्सी घाटापाशी. दोन्हीकडे राहिल्यामुळे आता नीट तुलना करता येते.

मंदिराजवळच्या भागात, म्हणजे चौक, विश्वनाथ गल्ली, मणिकर्णिका, सिंधिया घाट या पट्ट्यात राहण्याचे फायदे खरे आहेत आणि ते मी नाकारणार नाही. मंगला आरती, म्हणजे विश्वनाथाची दिवसातली पहिली आरती, पहाटे तीनला सुरू होते. तिचं तिकीट मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी काढावं लागतं आणि आरतीच्या बरंच आधी दारात हजर राहावं लागतं. त्यासाठी मध्यरात्री अस्सीहून निघणं वेगळं आणि गल्लीतून पाच मिनिटांत पोचणं वेगळं. दुसरं म्हणजे मोबाइल आत नेता येत नाही. लांबून आलेले लोक मोबाइल, बॅगा, चपला ठेवायला लॉकर शोधत फिरतात, आणि बाहेरची काही दुकानं 'लॉकर फुकट' म्हणत पूजेचं ताट गळ्यात मारतात. आम्ही सगळं खोलीवर ठेवून फक्त पैसे आणि आधार कार्ड घेऊन गेलो. इतकं मोकळं दर्शन झालं की मावशी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ म्हणाली. अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलेल्या त्या देवळासमोर आई हात जोडून उभी राहिली आणि तिला लवकर हलवेना. २०२१ च्या डिसेंबरात कॉरिडॉर, म्हणजे देवळापासून गंगेपर्यंतचं मोकळं आवार, खुला झाल्यापासून आवारात बसायला, थांबायला जागा आहे, म्हणून तिला तेवढं उभं राहता आलं.

पण रात्रीचं काय ते आधी माहीत हवं. मणिकर्णिकेवर चिता विझत नाहीत. आमच्या खिडकीखालच्या गल्लीतून रात्रभर तिरड्या जात होत्या, 'राम नाम सत्य है' ऐकू येत होतं, वारा फिरला की धूर खोलीत येत होता. मला पहिल्या रात्री झोप लागली नाही. आईला विचारलं, खोली बदलू का? ती म्हणाली, "आवाजाचं काही नाही गं. इथे कोणी लपवत नाही, बरं वाटतं. पायऱ्यांचं तेवढं बघ." बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी पुढे काही विचारलं नाही. सगळ्यांना असं वाटेलच असं नाही. लहान मुलं सोबत असतील, किंवा घरात नुकतंच कोणी गेलं असेल, तर मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन्ही स्मशानघाटांच्या लगतची खोली घेताना घरच्यांशी आधी बोलून घ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अस्सीला हललो. अस्सी हे घाटांच्या रांगेचं दक्षिण टोक, मंदिरापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर. इथे रिक्षा घाटाच्या अगदी जवळपर्यंत येते. आमच्या नव्या जागेच्या दारातून रिक्षापर्यंत चाळीस-पन्नास पावलं, सगळी सपाट. खोली तळमजल्यावर मागून घेतली, गंगा दिसत नव्हती. आईला ती उणीव वाटली नाही, कारण काठी टेकत ती स्वतःच्या पायांनी सकाळ-संध्याकाळ घाटावर जाऊन बसू लागली. पहिल्या लॉजवर गंगा गच्चीवरून सुंदर दिसत होती, पण आई दोन दिवसांत एकदाच गच्चीवर चढू शकली होती. घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत, समोरच्या वाळूच्या काठामागून सूर्य वर येतो. अस्सीला पहाटे आरती आणि गाणं असतं, संध्याकाळीही आरती होते. दशाश्वमेध घाटाची आरती मोठी, तिथे एकदा नक्की जा, पण बसायला जागा हवी असेल तर तासभर आधी पोचा. अस्सीच्या आरतीत आई-मावशीला पायरीवर निवांत बसता आलं. झाशीच्या राणीचं जन्मस्थान इथून जवळच, भदैनीत आहे. मावशीला ते मंदिराइतकंच महत्त्वाचं वाटलं.

अस्सीची अडचण एकच, देवळाला जायला रिक्षा करावी लागते आणि ती गर्दीच्या वेळी मंदिराजवळच्या गोदौलिया चौकाच्या अलीकडेच सोडते. तिथून चालणं आहेच. पण ते सपाट रस्त्यावरचं चालणं आहे, दुकानाच्या ओट्यावर टेकत जाता येतं.

मधले पर्यायही बघून आलो, कारण ओळखीचे दोघे-तिघे जाणार होते. गोदौलिया आणि दशाश्वमेध रस्त्यावर मोठी हॉटेलं आहेत. मंदिर, घाट आणि जेवण सगळं हाताशी, पण गोंगाट रात्री अकरापर्यंत. तिथे मागच्या बाजूची खोली मागा. बंगाली टोल्याच्या गल्ल्यांत स्वस्त गेस्ट हाऊस आहेत, तरुणांना उत्तम. केदार घाटाच्या आसपास दक्षिणेकडच्या यात्रेकरूंचे मठ आहेत, परिसर स्वच्छ वाटला, पण घाटाच्या पायऱ्या चांगल्याच उंच. कॅन्ट स्टेशन, सिगरा, नदेसर इथल्या हॉटेलांना लिफ्ट असते, गाडी दारात लागते. मात्र प्रत्येक वेळी चार-पाच किलोमीटरची वाहतूक कोंडी पार करून घाटावर यायचं, त्यामुळे दिवसातून एकदाच येणं होतं. काशीत येऊन गंगा एकदाच बघायची, हे मला पटत नाही. परतीच्या शेवटच्या रात्रीसाठी मात्र स्टेशनजवळची खोली चांगली, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, आणि फलाटावर थंडीत बसण्यापेक्षा खोलीत बसून गाडीची वाट पाहता येते.

स्टेशनचं नावही तिकिटावर नीट वाचा. 'वाराणसी जंक्शन' म्हणजे कॅन्ट, 'बनारस' म्हणजे पूर्वीचं मंडुआडीह. काही गाड्या पलीकडच्या काठावर पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शनला, म्हणजे जुन्या मुगलसरायला सोडतात. तिथून शहर साधारण सोळा-सतरा किलोमीटर आहे.

आपल्या मराठी माणसांसाठी एक वेगळी जागा सांगायची आहे. पंचगंगा घाटाच्या पलीकडे दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा जुना मराठी वस्तीचा भाग. पूर्वी कोणी यात्रेला आलं की तीर्थोपाध्यायांच्या घरीच उतरायचं. जेवण, विधी, झोपणं सगळं तिथेच. आईचे वडील साठ-पासष्ट वर्षांपूर्वी असेच आले होते. आईला फक्त घाटाचं नाव आणि उपाध्यायांचं आडनाव ठाऊक होतं. विचारत विचारत गेलो, घर सापडलं, आणि त्यांच्या यात्रेकरूंच्या जुन्या वहीत आजोबांची सही निघाली. मोडी वळणाची, खाली गावाचं नाव. आई तिच्यावरून बोट फिरवत राहिली. अशी काही खूण घरात असेल तर आजी-आजोबांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. अजूनही काही घरांत यात्रेकरूंची सोय होते, विधी करायचे असतील तर हीच जागा सोयीची. पण इथेही गल्ल्या अरुंद आणि पायऱ्या खूप, हे विसरू नका.

धर्मशाळा आणि मठ यांच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. खर्च कमी, आणि सोबत यात्रेकरू असतात तेव्हा म्हातारी माणसं रमतात. तरी नियम आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी रात्री दहाला दार बंद होतं, म्हणजे मंगला आरतीला कसं निघणार ते ठरवून घ्यावं लागतं. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, काही ठिकाणी तीन रात्रींहून जास्त नाही. अंथरूण, कुलूप, बादली आपलं न्यावं लागेल का तेही विचारा. पैसे आगाऊ पाठवण्याआधी दोनदा खात्री करा. धर्मशाळांच्या आणि मंदिराच्या निवासांच्या नावाने खोटी संकेतस्थळं बनवून लोकांना फसवतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे पैसे असेच गेले, तिथे पोचल्यावर कळलं की त्यांच्या नावाची खोलीच नाही.

फोनवर मी आता काय विचारते ते लिहिते, कारण माहितीतले फोटो यातलं काही सांगत नाहीत. रिक्षा शेवटची कुठे थांबते आणि तिथून चालायला किती मिनिटं? आत किती पायऱ्या, लिफ्ट आहे का, तळमजल्याची खोली मिळेल का? कमोड आहे का? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी? डिसेंबरात काशीत चांगली थंडी असते, आंघोळ पहाटेच करायची असते. सामान उचलायला माणूस मिळेल का आणि त्याचे किती? 'गंगा दर्शन' लिहिलंय ते खोलीतून की गच्चीवरून? खिडक्यांना जाळी आहे का? हे वानरांसाठी. आमच्या पहिल्या लॉजवर वाळत घातलेली मावशीची साडी एका वानराने पळवली, ती शेजारच्या गच्चीवरून परत आणावी लागली. शेवटी त्यांना गल्लीच्या तोंडाशी माणूस पाठवायला सांगा. तो सोबत असला की 'ते हॉटेल बंद पडलंय, मी दुसरं दाखवतो' म्हणणारे जवळ येत नाहीत.

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, घाटावरची खोली घेऊ नका. गंगा वर आली की घाट पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर जाता येत नाही, नावा बंद होतात, आरतीसुद्धा गच्चीवर हलवतात. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी या दिवसांत भाडी कितीतरी पटींनी वाढतात आणि रस्ते लवकर बंद होतात. म्हातारी माणसं सोबत असतील तर या तारखा टाळाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही देवदिवाळी होऊन गेल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो. गर्दी होती, पण श्वास घेता येत होता.

पुढच्या वेळी मी असं करेन: सगळे दिवस अस्सीला तळमजल्याची खोली, सामान तिथेच. त्यातली एकच रात्र मंदिराजवळ दुसरी खोली, फक्त एका पिशवीत धोतर-साडी आणि पंचा घेऊन. रात्री आठला जेवून झोपायचं, मंगला आरती करायची, उजाडल्यावर ललिता घाटावरून नाव करून अस्सीला परत. नावेचे पैसे बसण्याआधीच ठरवा. आईला आम्ही शेवटच्या दिवशी तसंच आणलं. नावेत बसल्यावर तिने एकेका घाटाचं नाव विचारलं, आणि अहिल्याबाई घाट आला तेव्हा पदर डोक्यावर घेतला.