ओढ्याच्या अलीकडे

डांबरी सोडून रानवाटांनी गाड्या चालवायच्या टूर मी काढतो. फोनवर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, “गाडी उडवायला मिळंल का ओ?” मोबाइलवरच्या व्हिडिओंची कृपा. मी सांगतो, उडणार नाही, चालेल. ताशी आठ-दहा किलोमीटरनं, काही ठिकाणी त्याहून हळू, आणि बराच वेळ तुम्ही गाडीबाहेर उन्हात उभे असाल. काही जण तिथंच फोन ठेवतात. उरलेल्यांना मी तुळजापूरच्या पलीकडं बालाघाटच्या डोंगरात नेतो.

सोलापुरात राहून डोंगराच्या टूर काढतो म्हटलं की पुण्याकडचे लोक हसतात. सह्याद्रीसारखे कडे इथं नाहीत, मान्य. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. पण घाट चढून आत वळलं की सपाट माथ्याच्या टेकड्या लागतात, त्यांच्या उतारावर मुरमातल्या बैलगाडीच्या वाटा, आणि खाली ओढ्याकाठी काळी माती. गाडीचा आणि माणसाचा दम काढायला तेवढं पुष्कळ आहे. नान्नजच्या माळावर नेता का, असंही विचारतात. नाही नेत. ते माळढोकाचं अभयारण्य आहे, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या माळावर चाक घालायचं नसतं. येडशीचं रामलिंगही अभयारण्यच. आम्ही फिरतो ते खासगी रानातून, मालकाला विचारून, पिकाला आणि बांधाला धक्का न लावता.

सांगतोय तो सप्टेंबरातला एक रविवार. एक डॉक्टर नवरा-बायको नव्या थारमध्ये, टॉवेलचा कारखाना असलेले दोघे भाऊ त्यांच्या जुन्या जिप्सीत, आणि माझ्या गुरखा जीपमध्ये बँकेतले एक साहेब आणि त्यांच्या मातोश्री. मातोश्रींना बघून माझ्या पोऱ्यानं डोळे मोठे केले होते. त्यांना मी पुढच्या सीटवर बसवलं, जवळचं काही बघू नका, लांबचं झाड धरा म्हटलं. अशा वाटेवर मळमळतं ते मागं बसून मोबाइल बघणाऱ्यांना. काकूंना दिवसभर काही झालं नाही, साहेबांनी मात्र दोनदा गाडी थांबवली.

बायकांच्या सोयीचं मी फोनवर आपणहून सांगतो, कारण ते कुणी विचारत नाही आणि मग दिवसभर पाणी पीत नाही. वाटेत एक वस्ती आहे, तिथल्या वहिनींना आदल्या दिवशी फोन केलेला असतो.

डांबरी सोडली की चाकांची हवा कमी करायची. बत्तीसवरून विसावर आणली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “पंक्चर झाल्यागत दिसतंय की.” दिसणारच. टायर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो, दगडावरून जाताना उडत नाही. मग बाकीचं सांगितलं. स्टिअरिंगच्या आत अंगठा घालायचा नाही, दगडाला चाक अडकून स्टिअरिंग झटकन फिरलं तर अंगठा जातो. चढावर एका वेळी एकच गाडी. चढताना इंजिन बंद पडलं तर घाबरून गाडी आडवी करायची नाही, ब्रेक धरायचा, रिव्हर्स टाकायचा आणि सरळ मागं उतरायचं. उतारावर आडवी झालेली गाडी लोळते. उतरताना फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी सगळ्यात हळू चाल, त्यात पहिला गिअर, क्लचवरचा पाय उचललेला; गाडी इंजिनच धरतं. आणि पुढं मी उभा असेन तर फक्त माझे हात बघायचे, शेजारच्याचं ऐकायचं नाही. यावर डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मनापासून हसल्या.

सकाळी ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. जिप्सीवाल्या धाकट्या भावानं व्हिडिओसाठी दोनदा ये-जा केली. वर माथ्यावर गवत पोटरीपर्यंत आलेलं, वारा सुटलेला. तिथं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. जेवण चालू असतानाच उत्तरेला आभाळ निळंकाळं झालं. आमच्या डोक्यावर ऊन होतं, एक थेंब नाही. मी आवरा म्हटलं. लोकांना ते आवडलं नाही, आत्ताशी तर बसलो होतो.

त्यांना कळत नव्हतं ते असं, की आमच्या भागात जमिनीखाली थोड्याच खोलीवर काळा पाषाण आहे, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरायला जागाच नाही. टेकडीवर तासभर जोरात कोसळलं की सगळं ओढ्यात येतं, आणि खालच्या माणसाच्या अंगावर पावसाचा थेंबही पडलेला नसतो.

आम्ही खाली पोचलो तेव्हा सकाळच्या जागी गढूळ पाणी काड्या-पाचोळा घेऊन धावत होतं. पलीकडचा काठ दिसत होता, रस्ता दिसत होता, दगड फेकला तर पोचला असता. आणि त्यामुळंच पंचाईत. पलीकडं काही दिसत नसतं तर कुणी हट्ट केला नसता.

डॉक्टरांनी मोबाइल काढला. “कंपनीनं साडेसहाशे मिलीमीटर दिलंय. पाण्यात चालते गाडी.”

खरं आहे, दिलंय. पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा. साडेसहाशे मिलीमीटर म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त, आणि दोन फूट वाहतं पाणी भलीमोठी गाडीसुद्धा उचलून बाजूला ढकलतं. गाडी जड असते म्हणून ती तरंगत नाही, असं लोकांना वाटतं. आतली हवा कुठं जाते?

मी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. दहा मिनिटांत तो दिसेना. म्हणजे पाणी अजून चढत होतं. गाड्या मागं, उंचावर घ्यायला लावल्या आणि थांबायचं म्हटलं. किती वेळ? माहीत नाही. साहेबांना सोमवारी सकाळी ब्रँचला जायचं होतं. थोरले भाऊ सरळच बोलले, “पैसे घेतलाव तुम्ही. काढायची जबाबदारी बी तुमचीच की.” मी म्हटलं, म्हणूनच थांबलोय. तासभर माझ्याकडं सगळ्यांची पाठ होती. या धंद्यात असा तास धरून चालावं लागतो.

मग मागून एक ट्रॅक्टर आला. धाकट्या भावाचा चेहरा खुलला, “बघा, ह्यो जातंय बघा आता.” ट्रॅक्टरवाले मामा उतरले, पाणी बघितलं, इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.

“जात नाही का मामा?”

“उतरंल की पाणी. घरी काय लेकरू जन्मायलंय का?”

झालं. जे मी तासभर समजावत होतो ते बिडीच्या दोन झुरक्यांत सगळ्यांना पटलं. थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. पण फायदाही झाला. काकूंनी डब्यातले उरलेले धपाटे काढले, मामांनाही दिले. मामांनी या ओढ्यात पूर्वी कुठं कुठं बैलजोड्या अडकल्या त्या जागा दाखवल्या, आणि ते मी नीट ऐकून घेतलं.

ऊन कलल्यावर दगड पुन्हा उघडा पडला. चढतो तसाच उतरतोही भराभर, आमचा ओढा. पाणी गुडघ्याच्या खाली आल्यावर मी काठी घेऊन, धारेकडं तोंड करून, पाय सरकवत आत गेलो. सकाळच्या चाकोरीवरूनच, कारण सगळ्यांना तिथूनच जायचं होतं. मध्यावर काठी टेकवली आणि ती खालीच गेली. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. जिथून जिप्सीनं दोनदा फेरी मारली होती, तिथली वाळू-गोटे वाहून कमरेएवढा खड्डा पडला होता. वरून काहीच कळत नव्हतं, पाणी तसंच गढूळ, सपाट. काठावर येऊन काठीवरची ओली खूण दाखवली. थोरल्या भावांनी ती हातात घेऊन दोनदा बघितली, बोलले काही नाहीत.

मामांनी सांगितलं होतं तसं खालच्या अंगाला पात्र रुंद होतं. रुंद तिथं पाणी उथळ, आणि खाली गोटे पक्के. पूर्ण वाट चालून बघितली, दोन काठ्या रोवल्या. फोर-लो, दुसरा गिअर, एक चाल धरायची, मध्ये क्लच दाबायचा नाही. बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मी आधी गेलो, मग थार, मग जिप्सी. पाण्यातून तिन्ही गाड्या सुखरूप.

अडकलो ते पलीकडच्या काळ्या मातीत. ओली झाली की ती फुगते, टायरच्या खाचा भरते, चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. जिप्सी जागच्या जागी घरघरत खाली बसायला लागली. विंच, म्हणजे गाडी ओढून काढायची दोराची चरखी, लावली, दोरावर ओलं पोतं टाकलं आणि सगळ्यांना लांब केलं, दोराच्या लांबीच्या दीडपट. दोर तुटला तर चाबकासारखा येतो, पोतं त्याचा जोर कमी करतं. डॉक्टर त्या वेळी व्हिडिओ काढायला पुढं सरकत होते. त्यांना मागं ओढलं ते काकूंनी, शर्टाला धरून.

तुळजापूरला चाकांत हवा भरली तेव्हा अंधार पडला होता. पाण्यातून आल्यावर ब्रेक थोडे दाबून सुकवून घ्या, घाटात लागतील, एवढं सांगून निघालो.

सोमवारी दोन्ही गाड्या गॅरेजला बोलावल्या होत्या. दिवसभर चालून तापलेला मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधली तेलातल्या गिअरची पेटी, थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून म्हणजे हवा जायच्या तोंडातून पाणी आत ओढते. थारचं तेल स्वच्छ निघालं. जिप्सीचं दुधाच्या चहासारखं. थोरले भाऊ वाकून बघत होते. तेल आणि मजुरीचे पैसे वेगळे लागतील म्हटलं, तर म्हणाले, “घ्या की. सील बी बदलून टाका आता, दिवाळीनंतर परत यायचंय.”