तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून चेकमेटच्या बाजूने का?

बरं, सांगतो एकदाचं. चेकमेट म्हणजे डीसी कॉमिक्समधली हेरसंस्था, आणि 'चेकआउट' म्हणजे तिची आउटसायडर्स या हिरोंच्या टोळीशी झालेली टक्कर. "सगळे मार्व्हलच्या सिव्हिल वॉरवर भांडतात आणि तू डीसीचं ते चेकआउट धरून बसलायस, ते पण हेरांच्या बाजूने, सरकारी माणूस ना शेवटी", हे इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. हो, आहे सरकारी माणूस. मग?

२००७ ची सहा भागांची गोष्ट, चेकमेट १३ ते १५ आणि आउटसायडर्स ४७ ते ४९, आलटून पालटून. म्हणजे एकच सिरीज घेणाऱ्याच्या हातात अर्धीच गोष्ट. आमच्याकडे अंक यायचे मित्राच्या मावसभावाच्या बॅगेतून, वर्षाकाठी एकदा. चेकमेट माझं, आउटसायडर्स मित्राचं. वाचायचं मात्र क्रमाने, त्यामुळे त्याच्या गच्चीवर बसून एक अंक माझा एक त्याचा असं चाललं होतं आणि प्रत्येक अंकानंतर भांडण.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. चेकमेटच्या डोक्यावर युनोची सुरक्षा परिषद आहे, आणि शक्तीवाला एक बसवला की जोडीला एक साधा माणूस बसवायचा हा त्यांचा नियम आहे. आता आउटसायडर्स बघा, बॅटमॅनचा जुना साथीदार नाइटविंग याची टोळी. जगाच्या लेखी मेलेली माणसं, कुठल्याही देशात घुसतात, कोणाला विचारत नाहीत, आणि चुकलं तर जाब कोणाला विचारायचा? मेलेल्यांना?

तो म्हणायचा, "तुझ्या चेकमेटने त्यांना पकडलं ना? मग जेलात टाकायचं सोडून सौदा का केला? ऊलाँग आयलंडवर, त्या माथेफिरू शास्त्रज्ञांच्या बेटावर, आमचं काम करा आणि सुटा. म्हणजे घाण काम आलं की आमचीच माणसं लागतात तुम्हाला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यात तिथे सगळं फसतं, नाइटविंग, त्याच्या टोळीतला बूमरँग आणि चेकमेटची ब्लॅक क्वीन साशा बोर्डो हे चँग त्झू या खलनायकाच्या हाती लागतात, रवानगी उत्तर कोरियात, आणि सोडवायला येतो कोण? बॅटमॅन. परवानगीचा कागद नसलेला सगळ्यात मोठा माणूस.

पण साशाचं काय, हे मी तेव्हाही ओरडून विचारलं होतं. ही ब्रूस वेनची बॉडीगार्ड. त्याच्यावर खुनाचा आळ आला तेव्हा हिने तोंड उघडलं नाही, त्याचं गुपित राखायला जेलमध्ये गेली. तिला बाहेर काढलं चेकमेटने. गुपितवाल्या हिरोचं बिल दुसरंच कोणीतरी भरतं, हे कोणी बोलत नाही.

इथवर कॉमिक्सचं झालं. पण तुम्ही 'अजून' का म्हणता, तर तेही सांगतो.

पुढे काही वर्षांनी त्याचे वडील गेले. आईची फॅमिली पेन्शन अडकली आणि फाइल होती मी बसायचो त्याच ऑफिसात. तो आला, चहा घेतला, म्हणाला, "जरा वर सरकव ना, खोटं काही नाही, फक्त वर." मी म्हणालो, क्रमाने येईल. वर एकशे चाळीस फाइली होत्या, त्यातल्या निम्म्या तरी अशाच बायकांच्या, ज्यांच्या मुलाचा मित्र आत बसलेला नव्हता. हे सगळं मी त्याला ऐकवलं, चांगलं दहा मिनिटं, तो चहा संपवेपर्यंत. काकूंनी मला लहानपणी किती जेवू घातलंय ते डोक्यात होतं आणि तरी मी बोलतच होतो. तो उठला आणि एवढंच म्हणाला, "चेकमेट." हसला पण होता थोडा, म्हणून मला वाटलं मस्करीच आहे.

फाइल सात महिन्यांनी निघाली. त्या सात महिन्यांत काकूंनी बांगड्या मोडल्या, हे मला तिसऱ्याकडून कळलं.

आता तुम्ही म्हणाल, मग चुकलास ना? थांबा. एकशे चाळीसपैकी कोणाला खाली ढकलायचं होतं मी, नाव सांगा. तेव्हाचा मी बरोबरच होतो. फक्त त्या वेळच्या मला इतकं बरं का वाटत होतं नाही म्हणताना, याचा हिशोब लागत नाही. दहा मिनिटं भाषण देण्याऐवजी संध्याकाळी काकूंकडे जाऊन पैसे हवेत का एवढं विचारता आलं असतं. त्याला ना युनो आडवी येत होती ना सेक्शन ऑफिसर. नाही सुचलं. की सुचलं होतं आणि उठलो नाही?

आणि तरी कोणी विचारलं की मी चेकमेटच म्हणतो, लगेच, जरा मोठ्याने.

त्याचे ४७, ४८, ४९ माझ्याकडेच राहिलेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, माझ्या तीन अंकांच्या मध्ये मध्ये, क्रमाने लावलेले. त्याने कधी मागितले नाहीत. मागच्या दिवाळीत ते घेऊन त्याच्या बिल्डिंगपर्यंत गेलो होतो, खाली गाडीतच बसलो पंधरा मिनिटं, मग घरी आलो.